पोटाची जुनी तक्रार : आराम आणि निदान यांतले अंतर

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात पोटाच्या तक्रारीवर काहीच उपाय मिळत नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. घरात ओवा, हिंग, आमसूल असते. किराणा दुकानात इनोची पुडी मिळते. मेडिकल दुकानात पँटोप्रॅझोलची पट्टी चिठ्ठी न दाखवताही हातात पडते. वैद्य आहेत, होमिओपॅथ आहेत, मूळव्याध-भगंदराच्या पाट्या आहेत, आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर बेळगाव, कोल्हापूर, मिरज इथली मोठी रुग्णालये आहेत. इतके सगळे हाताशी असताना आंबट ढेकर, पोटाचा फुगवटा, मुरडा, बद्धकोष्ठ, अधूनमधून लागणारी ढाळ अशा तक्रारी घेऊन माणसे पाच-पाच, दहा-दहा वर्षे काढतात, आणि त्यांतल्या काहींचा खरा आजार फार उशिरा कळतो. या पुस्तकाला हात घालण्यापूर्वी त्याचे कारण वाचकासमोर ठेवणे मला गरजेचे वाटते. माझे म्हणणे असे, की या भागात आराम इतका सहज मिळतो की कारण शोधायचे राहूनच जाते. दुखणे दबले म्हणजे ते ओळखले गेले, ही समजूत पोटाच्या बाबतीत फार महाग पडते.

ती महाग का पडते हे कळायला पोटाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. कातडीवर काटा टोचला तर बोट नेमके तिथे जाते. आतल्या अवयवांचे तसे नाही. जठर, पित्ताशय, स्वादुपिंड आणि हृदयाचा खालचा भाग यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळच्या भागांत पोचतात, त्यामुळे या सगळ्यांचे दुखणे छातीच्या खाली, एकाच ठिकाणी जाणवू शकते. म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्याला 'गॅस' समजून सोडा प्यायला जातो, विशेषतः मधुमेही माणसात, जिथे छातीत कळ न येता नुसती मळमळ आणि घाम एवढेच दिसू शकते. दुसरे असे, की पोटाच्या बहुतेक तक्रारी आपोआप चढतात आणि आपोआप उतरतात. त्रास टोकाला पोचला की माणूस औषध घेतो. तो उतरायचाच असतो, तो उतरतो, आणि श्रेय औषधाला जाते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने साध्या व्रणाची जळजळ जशी थांबते, तशी जठराच्या कर्करोगात होणाऱ्या व्रणाचीही काही काळ थांबू शकते. आराम पडला एवढ्यावरून आजार साधा होता असे म्हणता येत नाही.

पचनाच्या आजारांचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे. अग्नी मंद, तीक्ष्ण किंवा विषम झाला की काय होते याची मांडणी तिथे बारकाईने केलेली आहे. अम्लपित्ताला मात्र चरकात वेगळा अध्याय नाही. तो काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात येतो, म्हणजे वैद्यकाच्या निरीक्षणात भर पडत गेली आणि एकाच गटातून दुसरा आजार वेगळा काढला गेला. माधवनिदान तर संपूर्ण ग्रंथच रोग ओळखण्यावर आहे. बेळगावात शहापूरला १९३३ पासून बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तेव्हा ही परंपरा या भागात नुसती आजीबाईच्या बटव्यात उरलेली नाही. पण घरोघरी जे पोचले ते शास्त्रातले निदान नव्हे. हिंगाष्टक, त्रिफळा, सोनामुखी, एरंडेल ही औषधे पोचली आणि ती कुणाला, कधी, किती दिवस द्यायची हा विचार मागे राहिला.

पाश्चात्त्य वैद्यक इकडच्या लोकांना भेटले ते मिरजेत. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय तिथे १८९४ मध्ये उभे राहिले आणि कृष्णेच्या दोन्ही बाजूंचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी तिकडे जाऊ लागले. आजही अथणी-रायबागकडचा माणूस मिरजेलाच आधी जातो. वॉनलेस यांच्याच काळात कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी आमांशावर एमेटिनच्या सुया वापरल्या (१९१२), पुढे १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले. अमिबा आणि जंत यांना समोर ठेवून विचार करणारी ही उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाखा. तिने असंख्य जीव वाचवले. पण पोट बिघडले की अमिबाच, ही सवयही तिनेच लावली. मोठ्या आतड्याचा क्षय, आतड्याची सूज, साधी चंचल आतड्याची तक्रार या सगळ्यांवर मेट्रोनिडॅझोलचे पाच दिवस चालवायचे, हा प्रकार अजूनही थांबलेला नाही.

त्यानंतर आम्लाचे युग आले. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले, १९८० च्या दशकाअखेर ओमेप्रॅझोल आले, आणि व्रणासाठी जठर कापण्याच्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. इतके यश मिळाल्यावर आम्ल हेच मूळ कारण, असे वाटणे स्वाभाविक होते. पण ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवला, आणि बहुसंख्य व्रण त्याच्यामुळे होतात हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे मान्य होईपर्यंत जगभर लाखो लोक वर्षानुवर्षे आम्लाच्या गोळ्या घेत होते, त्यांना बरे वाटत होते, आणि गोळी सोडली की व्रण परत येत होता. हा जिवाणू दोन आठवड्यांच्या औषधांनी जाऊ शकतो. तरी इथेही उतावीळ निष्कर्ष नको. भारतातल्या बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू आढळतो आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. शिवाय आम्लाची गोळी चालू असेल तर जिवाणूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी 'नाही' सांगू शकते. म्हणून ही गोळी तपासणीच्या सुमारे दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवावी लागते.

चौथी शाखा आतडे आणि मेंदू यांच्या नात्याची. तपासणीत व्रण नाही, सूज नाही, गाठ नाही, आणि तरी दुखते, फुगते, कधी ढाळ तर कधी बद्धकोष्ठ. अशा रुग्णांना पूर्वी 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे सांगून परत पाठवत. 'रोम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञगटाने १९९० च्या दशकापासून या तक्रारींना निश्चित निकष दिले. २०१६ मध्ये त्यांची चौथी आवृत्ती आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत इंटरनेटवरून विचारलेल्या ४० टक्क्यांच्या आसपास प्रौढांत, आणि घरी जाऊन विचारलेल्या (भारतात असेच विचारले गेले) सुमारे २१ टक्के प्रौढांत असा एखादा विकार आढळला. आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होतात, आतड्याची हालचाल बिघडते, कधी एखाद्या जुलाबाच्या साथीनंतर ही तक्रार मागे राहते. हा त्रास खरा आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो जीवघेणा नाही. आहाराकडे पाहणारी पाचवी शाखाही याच सुमारास बळकट झाली. दुधातली साखर न पचणे हा तिचा सर्वांत परिचित शोध. १९८१ मधल्या एका भारतीय अभ्यासात उत्तरेकडच्या सुमारे २७ टक्के आणि दक्षिणेकडच्या सुमारे ६७ टक्के लोकांत ते आढळले होते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअॅक आजार मात्र दक्षिण भारतात उत्तरेपेक्षा पुष्कळ विरळा आहे. म्हणून गहू सोडून ज्वारीवर येण्याआधी, म्हणजे गहू खाण्यात असतानाच, रक्ततपासणी करून घ्यावी. आधी सोडला तर तपासणीत काही सापडत नाही.

या पाचही शाखा बेळगावच्या एकाच रस्त्यावर शेजारीशेजारी नांदतात, आणि रुग्ण एकीकडून दुसरीकडे फिरत राहतो. प्रत्येक शाखेने आपल्या वाट्याचे सत्य सांगितले आहे, आणि प्रत्येकीने केव्हा ना केव्हा ते सगळ्या पोटांना लावून पाहिले आहे. हे पुस्तक त्यांच्यात निवाडा करत नाही. कोणत्या माणसात कोणत्या कारणाचा विचार आधी करायचा, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माणसाच्या राहण्यातून, कामातून शोधावे लागते.

इथे निपाणीकडे जरा थांबून पाहायला हवे. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर गेले ते तंबाखूमुळे. पण तंबाखूचा पोटाशी असलेला संबंध क्वचितच बोलला जातो. दवाने ओली झालेली पाने हाताळताना निकोटिन कातडीतून शरीरात शिरते आणि मळमळ, उलटी, चक्कर, पोटात पेटके असा त्रास होतो. काम थांबले की एक-दोन दिवसांत तो उतरतो. त्याला 'पित्त खवळले' म्हणून मोकळे होणे सोपे असते. विड्या वळणाऱ्या बायका हजारी मजुरीसाठी मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसतात. उठायला वेळ जातो म्हणून पाणी कमी पितात, लघवी-शौचाला जाणे लांबवतात. त्यातून बद्धकोष्ठ होते. मग सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे खोटे नाही. निकोटिनने मोठ्या आतड्याला खरोखर चालना मिळते, आणि मशेरी किंवा विडी सोडली की काही आठवडे बद्धकोष्ठ वाढते. पण तीच मशेरी तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवते. त्या कर्करोगाची सुरुवात कशी होते हे घरच्यांना ठाऊक असायलाच हवे : भाकरी घशाखाली उतरत नाही, प्रत्येक घासाला पाणी लागते, मग बाई भाकरी सोडून आमटी-भातावर येते, मग नुसत्या आंबिलीवर. दात गेले, वय झाले, तोंडाला चव नाही, अशी कारणे सांगत घर हळूहळू तिचे जेवण पातळ करत जाते आणि दोन-तीन महिने निघून जातात. गिळताना घन अन्न अडकणे हे एवढे एकच लक्षण दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुरेसे आहे, वय कितीही असो.

कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून विडी कामगार बायका, ऊसतोड मजूर, साखर कारखान्यातले कामगार डायक्लोफिनॅक, ब्रुफेनसारख्या गोळ्या रोज घेतात. या गोळ्यांनी जठराचे अस्तर दुबळे होते, व्रण होतो आणि कधी काहीही न दुखता एकदम रक्त जाते. नाव नसलेल्या पुड्या त्याहून वाईट, कारण त्यांत स्टेरॉइड असू शकते. पोट दुखते म्हणून आम्लाची गोळी आणि कंबर दुखते म्हणून वेदनाशामक, अशा दोन गोळ्या एकाच दुकानातून घेणाऱ्या माणसाला त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणी सांगितलेलेच नसते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने ढाळ लागू शकते, थायरॉइड कमी-जास्त झाल्याने शौचाची सवय बदलू शकते. पोटाचे दुखणे शोधताना आधी औषधांची पिशवी उपडी करून पाहणे, ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

पाण्याचा प्रश्न तर दर पावसाळ्यात समोर येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई कावीळ पसरली आणि माणसे दगावली. गरोदर बाईला ही कावीळ विशेष घातक असते, म्हणून अशा साथीत तिची मळमळ 'दिवसांची' समजून सोडू नये. पण चिवट आणि फसवा म्हणावा तर तो आतड्याचा क्षय. तो बहुधा लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर बसतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, पोटात गोळा फिरल्यासारखा वाटून मग आवाज होऊन मोकळे वाटणे, ही त्याची खूण. क्रोन नावाचा दुसरा एक आजार हुबेहूब असाच दिसतो; आणि क्रोनसाठी दिलेल्या स्टेरॉइडने क्षय भडकतो. दोहोंतला फरक करायला आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. क्षयाचे उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि बहुधा सहा महिन्यांत पुरे होतात.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित राहिलेली गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पोटाच्या तक्रारीबरोबर रक्त कमी असणे हे जगभरच्या वैद्यकात धोक्याचे लक्षण मानतात, कारण आतड्यातून थेंबथेंब रक्त जात असू शकते. पण जिथे निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी आहे तिथे या लक्षणाने कुणी दचकत नाही. पाळीवर बोट ठेवले जाते आणि लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पाळी थांबलेल्या बाईचे किंवा कोणत्याही पुरुषाचे रक्त कमी असेल, तर आतड्यातून रक्त जाते का हे पाहिल्याशिवाय गोळ्यांवर समाधान मानू नये. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, ते वेगळे. डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचे काळे शौच म्हणजे वरच्या भागात रक्त गेल्याची खूण, आणि ते दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शौचावाटे लाल रक्त गेले की मूळव्याध ठरवून टाकण्याची रीतही सोडायला हवी. मूळव्याध सर्रास असते हे खरे, पण आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयाचे असतात, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊ नये असा काही नियम नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईचे पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहत असेल आणि दोन घासांत भरत असेल, तर अंडाशयाचीही तपासणी व्हावी.

मग जायचे केव्हा? दुखणे किती जोराचे आहे यावर लोक ठरवतात, आणि तिथेच चुकते. साध्या वाताने माणूस गडाबडा लोळू शकतो आणि कर्करोग महिनोन्‌महिने न दुखता वाढू शकतो. त्यापेक्षा तक्रार किती दिवसांची आहे, ती नेहमीच्या सवयीहून वेगळी आहे का, आणि तिच्या सोबतीला काय आहे, हे पाहावे. चार आठवड्यांहून अधिक चाललेली ढाळ, न प्रयत्न करता उतरलेले वजन, झोपेतून उठवणारे दुखणे किंवा शौच, वारंवार उलटी, ताप, कावीळ, हाताला लागणारी गाठ, चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला जठराचा वा आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांतले एक जरी असले तरी घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. पोट लाकडासारखे कडक होणे, रक्ताची उलटी, उलट्या होऊन वारा आणि शौच दोन्ही बंद पडणे, पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन दरदरून घाम सुटणे, यांत तर सकाळची वाट पाहू नये.

या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की बहुतेकांना गंभीर काहीच नसते, मग लोकांना घाबरवायचे कशाला? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. तरुण माणूस, धोक्याचे एकही लक्षण नाही, अशा वेळी दुर्बीण घालण्याची घाई नको. अनावश्यक तपासण्यांनी नुकसानही होते : सोनोग्राफीत कधीच न त्रास देणारा पित्ताचा खडा दिसतो, पित्ताशय काढले जाते, आणि फुगवटा होता तसाच राहतो. धोक्याच्या लक्षणांची यादी माहीत असण्याचा उपयोग नेमका इथे आहे. ती घाबरायला जशी सांगते तशी निर्धास्त राहायलाही सांगते. दुसरा आक्षेप वैद्यांकडून येईल, की ही ॲलोपॅथीची तरफदारी आहे. पण निदानाआधी चिकित्सा नको हे आयुर्वेदच सांगतो, आणि असाध्य लक्षणांची गणना त्याच ग्रंथांत आहे. जो वैद्य रुग्णाचे वजन, शौचाचा रंग आणि गिळण्याची तक्रार विचारतो आणि वेळीच पुढे पाठवतो, तो या पुस्तकाच्या बाजूचाच आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याला सहज उत्तर नाही. विड्या वळणाऱ्या बाईचा दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. सीमाभागात योजनांचाही गुंता आहे : कर्नाटकची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. कोणते कार्ड कुठे चालते हे जाण्याआधी विचारून घेण्यावाचून गत्यंतर नाही. तरीही पहिली पायरी महाग नसते हे सांगायला हवे. नीट विचारलेले प्रश्न, पोटावर ठेवलेला हात, वजनकाटा, हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी एवढ्याने कुणाला पुढे पाठवायचे हे बहुतांशी ठरते, आणि हे प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. त्या उलट, वर्षानुवर्षे घेतलेल्या पुड्या आणि गोळ्यांची बेरीज कुणी करत नाही.

या पुस्तकातल्या लेखकांनी हीच वाट धरली आहे. आजारांची वर्णमालेप्रमाणे जंत्री इथे नाही. छातीखाली जळणे, गिळताना अडकणे, फुगणे, ढाळ, बद्धकोष्ठ, रक्त, वजन उतरणे अशा माणूस ज्या तक्रारी घेऊन येतो त्यांपासून लेख सुरू होतात आणि कारणांकडे जातात. औषधांची मात्रा कुठेही दिलेली नाही, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. पाच वर्षांखालच्या मुलांचे आजार वेगळ्या ग्रंथाचा विषय म्हणून बाजूला ठेवले आहेत. या भागातल्या रुग्णाचे कागद कोल्हापूर, मिरज आणि बेळगाव अशा तीन गावांत विखुरलेले असतात, आणि प्रत्येक ठिकाणी तपासणी नव्याने सुरू होते. म्हणून शेवटी एक कोरे पान छापले आहे. तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, त्या वेळचे आणि आजचे वजन, रात्री उठावे लागते का, शौचाचा रंग, मशेरी-विडी-दारू किती, आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट सगळी औषधे, एवढे त्यावर मराठीतच लिहून, जुने रिपोर्ट जोडून, ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे.